पुळणवाडीची मान

पुळणवाडी, १२ जानेवारी २०२५

उत्तऱ्या,

सलाम आन् रामराम. हे पत्र आधी तू मनात वाच, मग अब्बाच्या उजव्या कानात मोठ्यानं वाच. डाव्या कानाचा उपेग न्हाई, तो गॅरेजातल्या इंजिनांनी कवाच खाल्ला. फोनवर त्यान्ला काय बी ऐकू येत न्हाई, आन् हितं रेंज बी धड न्हाई. म्हनून दहावीनंतर पहिल्यांदाच एवढं मराठी लिहायलोय. चुका काढू नको, मास्तर.

अब्बाला सांग, रोहिदासभाऊ ताऱ्यांनी मला त्यांच्या घराच्या शेजारीच जागा दिली. ज्यांचा मासळीचा ट्रक लातूर रोडला बंद पडलता आन् मी इंजिन उघडून चालू करून दिलता, तेच हे. आता मी बोटींची इंजिनं उघडतो. काम लई हाय. आफ्रीन आन् जोया इथं रमल्या. जोया खाडीच्या पलीकडच्या शाळेत चौथीत जाती.

गाव कसं हाय सांगतो. वाळूचा एक लांब दांडा समज. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मधी आमची चाळीस घरं आन् माडाची झाडं. दांड्याचं दक्षिणेचं टोक जमिनीला जोडलेलं हाय, तिथं तो अगदी बारीक होतो. लोक त्याला मान म्हनतात. मानंवरूनच रस्ता येतो. आमी उत्तरेच्या टोकाला.

खुशीची गोष्ट म्हंजे आमच्या टोकाला समुद्र दर साली नवी पुळण, म्हंजे वाळूचा किनारा, घालायलाय. गेल्या साली जिथं बोटी लावायचो तिथं आता पोरं क्रिकेट खेळतात. रोहिदासभाऊ म्हनतात, दर्यानं तुझ्या पायगुणानं जमीन दिली. त्या नव्या जागेत मी दोन खोल्या बांधल्या. ईद झाली की अब्बा-अम्मीला तू इकडं आणून सोड.

मानंपाशी मात्र एक गंमत झालीया. तिथं जुनी विहीर होती. आजूबाजूची वाळू गेली, आता विहिरीचं बांधकाम नुसतं धुराड्यावानी उभं हाय. बायका हसतात, पानी काढायला शिडी लावा म्हनतात.

तेजश्रीवहिनीला सलाम.
मतीन

&nbsp;

अंबाजोगाई, २ फेब्रुवारी

प्रिय मतीन,

चाचांना पत्र वाचून दाखवलं. मंडी बाजारात जाणारे चार जण थांबून ऐकायला लागले, एवढा आवाज चढवावा लागला. चाचांनी लगेच पान्ह्यांची पेटी काढली आणि एकेक पान्हा रॉकेलनं पुसायला बसले. जरीनाचाची म्हणाल्या, "समुद्राकाठी पापड वाळतात का, ते विचार."

विहिरीचा मजकूर मात्र मी वाचला नाही. तुला ती गंमत वाटली. मला झोप लागली नाही.

मला एवढंच कळव: मानेच्या दक्षिणेला, मुख्य किनाऱ्यावर, समुद्रात नवं काही बांधलंय का? दगडांचा बांध वगैरे? असेल तर त्याच्या कोणत्या बाजूला वाळू साठलीय?

कारण सांगतो. पावसाळ्यात तुमच्याकडं लाटा नैऋत्येकडून येतात, किनाऱ्याला तिरक्या धडकतात. लाट वाळू तिरकी वर नेते, पाणी मात्र सरळ उताराला परततं. असं करत करत प्रत्येक कण थोडा थोडा उत्तरेला सरकतो. तुमचा दांडा मुळात असाच झाला, शेकडो वर्षं दक्षिणेकडून वाळू येत राहिली म्हणून. ती वाट कुणी अडवली, तर लाटांची भूक थांबत नाही. त्या जवळची वाळू उचलतात आणि पुढं नेऊन टाकतात.

मतीन, तुझ्या दाराशी जी जमीन येतेय, ती समुद्रानं दिलेली नसेल. ती तुमच्या मानेची वाळू असेल. तुमच्याच वाटेची.

चाचांना पाठवायची घाई करू नकोस.

तुझा,
उत्तरेश्वर

&nbsp;

पुळणवाडी, २० फेब्रुवारी

उत्तऱ्या,

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग डोस्कं फिरलं. तू समुद्र किती बार बघितला बे? कालिजच्या सहलीत एकदा, ते बी चप्पल हातात धरून. हितं लोकांच्या सात पिढ्या गेल्या. रोहिदासभाऊ म्हनतात, दर्या एका हातानं घेतो, दुसऱ्या हातानं देतो.

खरं कारण मला ठाव हाय. अब्बा रोज सांजच्याला तुझ्या ओट्यावर बसतात. तुझे वडील गेल्यापासून तू त्यान्लाच वडील मानतोस, मला त्याचं बरं बी वाटतं. पर त्ये माझे अब्बा हायत. तू त्यान्ला भूगोल दाखवून अडवून ठिवू नको.

इचारलंस म्हनून सांगतो. व्हय, मानंच्या खाली दगडांचा बांध हाय, नव्या जेटीसाठी घातला. त्याच्या दक्षिणेला एवढी वाळू साठलीया की जत्रा भरंल. उत्तरेला, म्हंजे आमच्या मानंकडं, सुरूची झाडं पडायलीत, मुळ्या उघड्या पडल्यात. वाळूच्या खालून काळा चिखल निघतोय, खाडीत असतो तसा. रस्ता आदी दोन गाड्यांचा होता, आता एका गाडीचा हाय.

वरची वाक्यं मी दोनदा खोडून परत लिहिली, हे तुला सांगतो. अब्बाला सांगू नको. आन् मी म्हनलेलं वापस घेत न्हाई.

मतीन

&nbsp;

अंबाजोगाई, १६ मार्च

प्रिय मतीन,

ओट्याचं तू लिहिलंस ते खरं आहे. चाचा गेले तर माझी संध्याकाळ जाईल. पण ते खरं असल्यामुळं विहीर खोटी होत नाही.

आता जे झालं ते ऐक. शाळेच्या मुलांना घेऊन पालीला बिंदुसरेच्या धरणावर गेलो होतो. चाचांना बीडला कानाच्या डॉक्टरकडं जायचं होतं, म्हणून तेही गाडीत होते. धरणाच्या काठाला वाऱ्यानं बारीक लाटा तिरक्या लागत होत्या. मी मुलांना काठापासून पाण्यात दगडांची एक ओळ लावायला सांगितली. डबे खाऊन परत आलो तर ओळीच्या एका बाजूला रेतीचा लहान ढीग, आणि दुसऱ्या बाजूचा काठ ओरबाडल्यासारखा. मुलं खूश. चाचा मात्र उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग त्या ओरबाडलेल्या जागी बोट ठेवून म्हणाले,

"मास्तर, हे मतीनचं गाव हाय का?"

मला खोटं बोलता आलं नाही. विहिरीचंही सांगितलं. वाटलं, आता जाण्याचं नाव काढणार नाहीत. हाताची रेती झटकून ते गाडीत बसले. मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "पोरगं तिथं हाय, नात तिथं हाय, आन् मी हितं कावून बसू?"

ईदनंतरची तिकिटं त्यांनी स्वतः काढली आहेत. मी अडवायला गेलो तर चाची म्हणाल्या, "तुझं ऐकतील असं वाटतं का तुला?"

म्हणून आता वाद सोडतो. ते आले की तुम्ही एक नियम ठेवा. रोज सकाळी समुद्र बघायचा. लाटेचं पाणी मानेवरच्या रस्त्याला लागलं की त्याच दिवशी सगळ्यांनी पलीकडं निघायचं. विचार करत बसायचं नाही.

उत्तरेश्वर

&nbsp;

पुळणवाडी, ११ मे

उत्तरेश्वर,

अब्बा-अम्मी पोचल्याचं कळवलंच होतं. अब्बा एक दिवस घरी बसले न्हाईत. सकाळी उठून मानंवर जातात, वाळूत काठ्या रोवतात, दुसऱ्या दिवशी काठी पडली का बघतात. आधी लोक हसले. ह्यो म्हातारा दुष्काळी मुलखातला, ह्याला दर्याचं काय कळतंय. मग काठ्या पडायला लागल्या तसं हसणं बंद झालं.

रोहिदासभाऊ आन् अब्बांची दोस्ती बघायसारखी हाय. भाऊ मालवणीत बोलतात, अब्बाला ऐकू येत न्हाई, दोघं बी तासतासभर गप्पा मारतात. भाऊंनीच सगळ्यांना जमवून तुझा नियम सांगितला. आता सारं गाव त्याला मास्तरचा नियम म्हनतं. तहसील ऑफिसात अर्ज दिले, त्यांनी वाळूच्या पिशव्या आणून टाकल्या. अर्ध्या फुटल्या बी.

एक गोष्ट लपवलती. आफ्रीनला दिवस गेलेत. आगष्टात व्हईल. अम्मीला ठाव होतं, म्हनून ती आली. मी लिहिलं न्हाई, कारण तू म्हनला असतास आता तरी निघा. निघून कुठं जाऊ? कामाचं सगळं हितंच हाय.

एक इचारायचं हाय. पावसाळ्यात खाडीचं पानी लई चढतं, मागच्या माडाच्या बुडाला लागतं. तिकडनं काई भेव?

मतीन

&nbsp;

अंबाजोगाई, २९ मे

प्रिय मतीन,

भाभींची बातमी वाचून तेजश्री उड्या मारायला लागली, आणि मी घाबरलो. बाळंतपण इथं होऊ दे. मेडिकल कॉलेज पाच मिनिटांवर आहे, आमची वरची खोली रिकामी आहे. जुलैच्या आधी त्यांना आणि जोयाला पाठव.

खाडीची भीती बाळगू नकोस. खाडीचं पाणी संथ असतं, ते गाळ आणून टाकतं, कापत नाही. तुमचा शत्रू पश्चिमेला आहे. समुद्र लहान असेल त्या दिवशी निश्चिंत राहा.

उत्तरेश्वर

&nbsp;

पुळणवाडी, ६ जुलै

उत्तरेश्वर,

आफ्रीन न्हाई येत म्हनती. डॉक्टरनं लांबचा प्रवास नको म्हनलंय. समुद्र दोनदा रस्त्याच्या कडंपर्यंत आला, वर चढला न्हाई. आमी तयार हाव. कपड्याच्या पिशव्या दाराशी भरून ठिवल्यात.

मतीन

&nbsp;

कोल्हापूर बसस्थानक, २६ जुलै

मतीन,

टीव्हीवर पुळणवाडीचं नाव दिसलं. मानेच्या जागी पाणी दाखवतायत. तुझा फोन बंद, आफ्रीनभाभींचा बंद. मिळेल त्या गाडीनं इथवर आलो तर घाटात दरड पडलीय, गाड्या सोडत नाहीत. लांबच्या वाटेनं एक औषधांचा टेम्पो निघालाय, त्यात माणसाला जागा नाही. ड्रायव्हरच्या हातात ही चिठ्ठी देतोय.

चाचा, चाची, भाभी, जोया, तू. नुसतं आहोत म्हण. कुणाच्याही फोनवरून.

उत्तरेश्वर

&nbsp;

मु. शाळेची इमारत, खाडीच्या अलीकडे, १० ऑगस्ट

उत्तरेश्वर,

तू कोल्हापुरात हुतास तवा फोनवर तुला एवढंच म्हनलो की आमी जित्ते हाव आन् तू येऊ नको. कावून म्हनलो, ते लिहितो. ह्ये पत्र ऐकायला अब्बा तिथं न्हाईत, तवा सगळं लिहितो.

आवसेचा दिवस होता. सकाळी मी आन् रोहिदासभाऊ मानंवर गेलतो. पाऊस घाटावर पडत होता, आमच्याकडं नुसती भुरभुर. लाटा त्या महिन्यातल्या सगळ्यात लहान. भाऊंना डिझेल आणायला पलीकडं जायचं होतं. म्हनले, "मतीन, जाव मां?" मी समुद्राकडं बघितलं आन् म्हनलो, जावा, आज मास्तरच्या नियमानं सुट्टी हाय. भाऊ हसले. मोटरसायकलवर गेले.

दुपारी भरती आली, आन् खाडीचं पानी बाहेर जायचं थांबलं. घाटावरचं लाल पानी मागून येतच होतं. माडाची बुडं बुडाली, आमच्या अंगणात आलं. मला तुझं वाक्य आठवलं, म्हनलं संथ पानी हाय, उतरंल. मग ओहोटी लागली. समुद्र खाली गेला आन् खाडी वरच राह्यली. तिला जायला जवळची वाट कोनची? मान. रस्त्यावरनं खाडीचं पानी समुद्राकडं वाहाय लागलं. आधी पाऊल भिजंल एवढं.

त्या दिवशी घाटावरच्या पावसामुळं शाळा लवकर सुटली. अब्बा जोयाला आणायला पलीकडं गेलते. वीसेक पोरं आन् अब्बा मानंच्या त्या टोकाला आले. अब्बांनी पानी बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते त्यान्ला बी सांगता येत न्हाई. म्हनतात, पालीला दगडाच्या ओळीपाशी काठ जसा ढासळत होता, तशी रस्त्याची कड ढासळताना दिसली, फक्त हितं पानी उलट्या अंगानं, खाडीकडनं येत हुतं. त्यांनी दोन्ही हात पसरून पोरं अडवली. पोरं ऐकंनात, घर समोर दिसत होतं. अब्बांनी शिव्या दिल्या, एकाला काठी मारली, सगळ्यांना मागं रेटलं.

मी ह्या टोकाला पळत आलो. मधी पानी. मी वरडतोय, जोयाला धर, अब्बा, जोयाला धर! अब्बा माझ्याकडं बघतात, त्यान्ला काय ऐकू येतंय? मी तोंड हलवतोय एवढंच दिसलं असंल. त्यांनी जोयाचा हात वर धरून मला दाखवला.

तेवढ्यात मागनं रोहिदासभाऊ मोटरसायकलवर आले, डिझेलचे डबे लावलेले. अब्बांनी त्यांच्यापुढं बी हात पसरले. भाऊंनी गाडी हळू केली, काईतरी बोलले, हसले, बाजूनं पुढं गेले. त्ये काय बोलले ते अब्बाला ऐकू आलं न्हाई. अजून इचारतात मला, "क्या बोला था वो?" मला कुठनं ठाव असनार.

भाऊ मधोमध आल्यावर रस्ता खालनं गेला. आवाज बी लई मोठा झाला न्हाई. गाडी तिरकी झाली आन् भाऊ लाल पान्यासंगं समुद्राकडं गेले. बघता बघता पाऊलभर पान्याची नदी झाली. दोन्ही कडा फुटत फुटत मागं सरकाय लागल्या, माझ्या पायाखालनं बी. मी पळालो.

ती रात आमी चाळीस घरं बेटावर होतो. आफ्रीनला कळा सुरू झाल्या, वेळंच्या आधीच. सकाळी पान्याचा जोर कमी झाल्यावर मी एका बोटीचं इंजिन चालू केलं, खाडीतनं वरच्या अंगानं नेलं. अम्मीनं आफ्रीनचं डोस्कं मांडीवर घेतलं हुतं. दवाखान्याच्या पायरीवर अब्बा आन् जोया उभे. पोरगा झाला. बारीक हाय, पर रडतो चांगला.

रोहिदासभाऊ चौथ्या दिवशी घावले, लांब उत्तरेला. भाऊंच्या बायकोनं, सुलोचनावहिनीनं, मला एकच इचारलं, "तूच तेंका जावा म्हटलंस?" मी व्हय म्हनलो.

तू आला असतास तर मी सगळ्यांदेखत तुझ्यावर वरडलो असतो. म्हनून येऊ नको म्हनलो. आता राग शिल्लक न्हाई. काय शिल्लक हाय ते कळंना.

मतीन

&nbsp;

अंबाजोगाई, २४ ऑगस्ट

मतीन,

पत्र चार वेळा वाचलं.

खाडी कापत नाही, हे मी लिहिलं. तू सरळ प्रश्न विचारला होतास. मी पुस्तक उघडलं नाही, कुणाला विचारलं नाही, ओट्यावर चहा पिता पिता उत्तर लिहिलं. पहिल्या वेळी बरोबर निघालो होतो, त्याचा माज होता. समुद्रानं मान झिजवली हे खरंच, पण शेवटचा घाव मागून बसला, आणि तुमची पाठ मीच तिकडं फिरवली होती. तू भाऊंना जावा म्हणालास ते माझ्या शब्दावर. हे सुलोचनाबाईंना कळायला हवं. सोबतचा कागद त्यांच्यासाठी आहे. वाचून दाखवायचा की फाडायचा, तू ठरव.

यापुढं या विषयावर मी कुणाला सल्ला देणार नाही. वर्गात धडा येतो तेव्हा तो मुलांनाच वाचायला सांगतो.

बाळाला माझा आशीर्वाद. चाचांच्या पान्ह्यांची पेटी बेटावर राहिली असेल ना? नवी घेऊन ठेवलीय.

उत्तरेश्वर

&nbsp;

मु. शाळेची इमारत, १४ सप्टेंबर

उत्तऱ्या,

कागद फाडला न्हाई. पाच दिवस खिशात ठिवला, मग सुलोचनावहिनीला वाचून दाखवला. अब्बा, अम्मी, गावातले सगळे शाळेच्या वऱ्हांड्यात बसलते. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. शेवटाला उठून आत गेल्या.

त्याच्या दोन दिवसांनी साहेब लोक आले. म्हनले, तुमाला नवी जागा देतो. कुठं? तर दगडी बांधाच्या दक्षिणेला, ती साठलेली रुंद वाळू. सरकारी जागा हाय, सपाट हाय, घरं लगेच बांधून व्हतील. बरीच लोकं तयार झाली. शाळंत किती दिवस राहनार? मी मागं भिंतीला टेकून हुतो. मला बोलायची भीती वाटती. अब्बा तेवढे वरडले, "आज वाळू आली, उद्या जाईल!" पर साहेब म्हनले, बाबांना शांत करा.

तवा सुलोचनावहिनी उठल्या. साहेबाला म्हनल्या, थांबा, आमका आधी एकाक इचारूचा आसा. कुनीतरी म्हनलं, कोणाक? त्या मास्तराक? तेच्यामुळं तुझो घोव गेलो.

वहिनी म्हनल्या, "म्हणान तर. ज्येचा बोलणा एकदा चुकला, त्येकाच इचारा. तो आता उगाच काय्येक बोलूचो नाय."

साहेबांनी महिना दिलाय. लोक अंगठे करायचे थांबलेत. तू सल्ला देणार न्हाईस म्हनतोस. त्ये तू मला लिहिलंस, वहिनीला लिही बघू.

मतीन

&nbsp;

अंबाजोगाई, २२ सप्टेंबर

मतीन,

शुक्रवारी निघतो. पुण्याला किनाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडं जाऊन बांध बांधल्यापासूनचे नकाशे बघतो. जमलं तर त्यांनाच सोबत आणतो. तोपर्यंत कुणी पाया खणू नये, एवढं माझ्या नावानं सांग. एवढंच मला आज खात्रीनं सांगता येतं.

ती वाळू राहील की जाईल, मला माहीत नाही. बघून, मोजून, पुन्हा विचारूनही कळलं नाही, तर 'माहीत नाही' असंच साहेबांपुढं आणि गावापुढं उभं राहून सांगेन.

पण सुलोचनाबाईंना आधी विचार. गावात आल्यावर वाळूकडं नंतर जाईन. आधी त्यांच्या खोलीवर यायचं आहे. त्यांनी हो म्हटलं तरच.

उत्तरेश्वर